आपले प्रश्न : किरणोपचार नेमके कोणाच्या हातात असतात?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये कर्करोगावरील किरणोपचारांविषयीची पत्रे बरीच होती. आपल्याकडे या उपचारांना कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट देणे’ म्हणतात, आणि या दोन्ही शब्दांमुळे असे वाटते की एक यंत्र असते, ते कोणीतरी सुरू करते आणि काम होते. प्रत्यक्ष रुग्णालयात गेल्यावर मात्र एका रुग्णामागे सात-आठ वेगवेगळी माणसे दिसू लागतात आणि घरच्यांना प्रश्न पडतो, की यांतले आपले डॉक्टर नेमके कोण. मी पुण्यात किरणोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला बाह्यरुग्ण विभागात जवळजवळ रोज विचारला जातो, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यासाठीच ठेवले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. त्यांना जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचे निदान झाले असून केमोथेरपीबरोबर सात आठवडे किरणोपचार घ्यायचे ठरले आहे. निदानाला तीन आठवडे होऊन गेले, तरी उपचार सुरू झालेले नाहीत. आधी दंतवैद्यांकडे पाठवून चार दात काढायला लावले, मग आहारतज्ज्ञांकडे पाठवले, मग चेहऱ्याचा मुखवटा तयार केला, सीटी स्कॅन केले आणि आता ‘प्लॅनिंग चालू आहे, आठवडाभर थांबा’ असे सांगतात. चौकशी केल्यावर कळले की प्लॅन फिजिसिस्ट तयार करतात आणि मशीन टेक्नॉलॉजिस्ट चालवतात, म्हणजे दोघेही डॉक्टर नाहीत. मग डॉक्टर काय करतात? काही बिघडले तर आम्ही कोणाला विचारायचे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. विचारायचे ते आपल्या किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनाच. किती डोस द्यायचा, कोठे द्यायचा, कोठे मुळीच जाऊ द्यायचा नाही, हे तेच ठरवतात, तयार झालेल्या प्लॅनवर त्यांची सही असते आणि त्या सहीशिवाय उपचार सुरू होत नाहीत. पण ती सही करण्याआधी बाकीच्यांनी काय केले हे समजल्याखेरीज गेल्या तीन आठवड्यांचा हिशोब लागणार नाही.

दातांचे काम आधी का, हे सांगते. तोंडाच्या व घशाच्या किरणोपचारांनंतर लाळ कमी होते आणि लाळ कमी झाली की दात झपाट्याने किडू लागतात. त्याच वेळी जबड्याच्या, विशेषतः खालच्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. अशा हाडातून पुढे कधी दात काढावा लागला तर जखम भरत नाही, हाड उघडे पडते आणि कुजू लागते. हा धोका वर्ष-दोन वर्षांत संपत नाही, तो आयुष्यभर राहतो. म्हणून जे दात वाचण्यासारखे नाहीत ते आधीच काढायचे आणि जखम भरून येण्यासाठी साधारण दोन आठवडे द्यायचे, असा रिवाज आहे. आपल्या तीन आठवड्यांतले दोन येथे गेले आणि ते सत्कारणी लागले. राहिलेल्या दातांसाठी दंतवैद्यांनी फ्लोराइडचे जेल दिले असेल, तर त्यात खंड पडू देऊ नका.

आहारतज्ज्ञांकडे पाठवणे ही औपचारिकता आहे, असा बऱ्याच घरांत समज असतो. तिसऱ्या आठवड्यापासून वडिलांना घास गिळताना वेदना होतील, वरण-भातसुद्धा तिखट लागेल आणि वजन उतरू लागेल. वजन फार उतरले की तयार केलेला मुखवटा सैल होतो. मुखवटा सैल झाला की आत डोके हलते आणि मिलिमीटरच्या हिशोबाने आखलेला उपचार जागेवरून सरकतो. गरज पडल्यास नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा निर्णयही आहारतज्ज्ञ, डॉक्टर आणि परिचारिका मिळून घेतात. तो लवकर घेतलेला बरा असतो. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे वाचा व गिळणतज्ज्ञ आपल्या रुग्णालयात असतील, तर त्यांची भेट उपचारांपूर्वीच घ्या. सात आठवडे ज्यांचे गिळण्याचे स्नायू वापरात राहतात, त्यांना पुढे खाणे सोपे जाते.

मुखवटा तयार होताना आपण कदाचित बाहेर बसला असाल. ती प्लास्टिकची सपाट जाळी असते. सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती बुडवली की कणकेसारखी मऊ होते. दोन टेक्नॉलॉजिस्ट ती दोन्ही बाजूंनी धरून चेहऱ्यावर ओढतात आणि नाकाच्या कडा, हनुवटी, कपाळ हातांनी दाबून घट्ट बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. त्याच स्थितीत सीटी स्कॅन काढले जाते आणि पुढच्या प्रत्येक दिवशी वडील याच मुखवट्यात, याच स्थितीत झोपणार असतात. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हे त्याच दिवशी सांगावे. डोळ्यांपुरती जाळी कापून घेता येते का ते पाहता येते.

आता ज्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ असे आपल्याला वाटते, त्या आठवड्याविषयी. सीटीच्या शंभराहून अधिक पातळ चकत्या संगणकावर येतात. किरणोपचारतज्ज्ञ त्यांतल्या एकेका चकतीवर हाताने रेषा ओढून गाठ दाखवतात, गाठीभोवती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसू शकेल एवढा आजार जेथे पसरलेला असू शकतो ती जागा दाखवतात आणि रोजच्या हालचालीसाठी आणखी काही मिलिमीटरची कड ठेवतात. मग मज्जारज्जू, दोन्ही कानांखालच्या लाळग्रंथी, जबडा, स्वरयंत्र असे जपायचे अवयवही तसेच आखले जातात. हे काम करताना क्ष-किरणतज्ज्ञांचा एमआरआय किंवा पेट स्कॅनचा अहवाल, विकृतिशास्त्रज्ञांचा बायोप्सीचा अहवाल आणि ज्या नाक-कान-घसा शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून गाठ डोळ्यांनी पाहिली त्यांची नोंद, हे तिन्ही समोर ठेवावे लागते. घशाच्या एका रुग्णाला यात माझी अख्खी दुपार जाते आणि शंका आली की मी क्ष-किरणतज्ज्ञांना फोन करून शेजारी बोलावून घेते. डॉक्टर काय करतात या आपल्या प्रश्नाचे मोठे उत्तर हेच आहे, फक्त ते रुग्णाच्या नजरेआड घडते.

यानंतर काम वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांकडे, म्हणजे फिजिसिस्टकडे जाते. ते डॉक्टर नाहीत हे खरे, आणि ते असण्याची आवश्यकताही नाही. भौतिकशास्त्रातील एम.एस्सी.नंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका, किंवा तिच्या तोडीचे वैद्यकीय भौतिकशास्त्राचे शिक्षण, आणि त्यावर सुसज्ज किरणोपचार विभागातील उमेदवारी, अशी त्यांची तयारी असते. भाभा अणुसंशोधन केंद्रात ही पदविका गेली अनेक दशके शिकवली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले आणि आज त्याच्या परवान्याशिवाय भारतात किरणोपचारांचे कोणतेही यंत्र चालवता येत नाही. तो परवाना मिळण्यासाठी डॉक्टरांइतकेच फिजिसिस्ट आणि किरणसुरक्षा अधिकारी असणेही बंधनकारक असते. डोस मोजण्याचे ‘ग्रे’ हे एकक १९७५ मध्ये स्वीकारले गेले आणि त्याला नाव मिळाले ते इंग्लंडमधील माउंट व्हर्नन रुग्णालयात काम केलेल्या ल्युईस हॅरल्ड ग्रे या भौतिकशास्त्रज्ञाचे. आम्ही डॉक्टर मंडळी दिवसभर ज्या शब्दात बोलतो, तो शब्दच एका फिजिसिस्टच्या नावाचा आहे.

प्लॅन म्हणजे किरण कोणत्या कोनांतून येतील, यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्या कोणत्या क्षणी किती सरकतील आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ किरण पडतील, याचा आराखडा. संगणक तो मांडतो, परंतु काय हवे हे त्याला माणसाने सांगावे लागते. पडद्यासमोर फिजिसिस्ट आणि मी बसतो तेव्हाचे बोलणे साधारण असे असते. मी विचारते, ‘डाव्या लाळग्रंथीचा सरासरी डोस २६ ग्रेच्या खाली आणता येईल का? आजोबांना पुढे तोंड कोरडे पडू नये.’ ते आकडे फिरवून पाहतात आणि म्हणतात, ‘आणता येईल, पण मग गाठीच्या मागच्या कडेला डोस कमी पडतो आहे, हे पाहा.’ ती कड पाहून मी म्हणते, ‘मग ते नको, मज्जारज्जू ४५च्या आत आहे ना तेवढे पुन्हा दाखवा.’ असे दोन-तीन वेळा होते, काही वेळा दुसऱ्या दिवसावर जाते. गाठ बरी करणे आणि पुढचे जगणे सुसह्य ठेवणे यांतली ही ओढाताण एकट्या डॉक्टरला किंवा एकट्या फिजिसिस्टला सोडवता येणार नाही.

प्लॅन मंजूर झाल्यावरही तो लगेच वडिलांवर चालवत नाहीत. मोजमापाची उपकरणे बसवलेल्या एका ठोकळ्यावर फिजिसिस्ट तोच प्लॅन जसाच्या तसा चालवतात आणि संगणकाने सांगितलेला डोस व प्रत्यक्ष पडलेला डोस जुळतो का ते पाहतात. जुळला नाही तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. याशिवाय रोज सकाळी, पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी, यंत्रातून बाहेर पडणारी मात्रा ठरलेल्या मर्यादेत आहे ना, भिंतींवरचे लेसर जागेवर आहेत ना, दार उघडल्यावर किरण बंद होतात ना, हे तपासून नोंदवले जाते.

आपल्या बाजूने एवढे करा. उद्या डॉक्टरांना भेटून पहिल्या उपचाराची तारीख मागा आणि ती फाइलमध्ये लिहून घ्या. जखम भरणे आणि प्लॅनिंग यांत गेलेले दिवस समजण्यासारखे आहेत, पण ‘मशीनला रांग आहे’ एवढेच कारण देऊन आणखी दोन-तीन आठवडे लांबवत असतील, तर ‘आम्ही दुसऱ्या केंद्रात जाऊ का’ असे सरळ विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. चांगले डॉक्टर त्याने दुखावत नाहीत.

प्रश्न : आईच्या डाव्या स्तनातील गाठ काढून दोन महिने झाले. स्तन वाचवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सर्जन म्हणाले होते की नंतर रेडिएशन लागेल. केमोथेरपीचे डॉक्टर म्हणतात आधी केमो. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात १५ दिवस पुरेत, आणि शेजारच्या काकूंना याच आजारात २५ दिवस दिले होते. फिजिओथेरपिस्ट तर म्हणतात, खांदा मोकळा झाल्याशिवाय रेडिएशन सुरूच होणार नाही. या सर्वांचे एकमेकांशी बोलणे होत नाही का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : आपण सांगितलेल्या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात आणि बहुधा आहेतच. स्तन वाचवला की उरलेल्या भागाला किरणोपचार देतात. केमोथेरपीही द्यायची असेल तर ती आधी पूर्ण करून साधारण तीन-चार आठवड्यांनी किरणोपचार सुरू करण्याची पद्धत आहे. शेजारच्या काकूंना दिलेले २५ दिवस म्हणजे ५० ग्रे, पाच आठवड्यांत. त्यापेक्षा कमी दिवसांत, १५ भागांत ४० ग्रे दिल्यास परिणाम तितकाच चांगला राहतो आणि त्वचेचा व उतींचा त्रास वाढत नाही, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षांतून दिसले. त्यामुळे आता तीन आठवड्यांचा उपचार सर्रास दिला जातो. काकूंच्या डॉक्टरांनी चूक केली असा याचा अर्थ नाही.

खांद्याचे म्हणणेही बरोबर आहे. किरणोपचारांच्या वेळी आईला दोन्ही हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावे लागते. काखेतील शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडलेला असेल तर ते जमत नाही आणि हात नीट वर गेला नाही तर तो किरणांच्या वाटेत येतो. म्हणून भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम केमोथेरपी चालू असतानाच रोज करून घ्या, सीटीच्या तारखेची वाट पाहू नका.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा. स्तनातून गाठ काढल्यावर तिच्या जागी लहान धातूच्या क्लिपा ठेवण्याची चांगली प्रथा आहे. जखम भरून आली की बाहेरून गाठीची जागा कळत नाही. त्या क्लिपा सीटीत चमकतात आणि वाढीव डोस कोठे द्यायचा हे मला त्या सांगतात. सर्जनने त्या ठेवल्या असतील तर शस्त्रक्रियेच्या अहवालात तशी नोंद असते, म्हणून फक्त डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, शस्त्रक्रियेचा पूर्ण अहवाल आणि विकृतिशास्त्राचा पूर्ण अहवाल किरणोपचार विभागात द्या. शस्त्रक्रियागृहातील सर्जन तीन-चार महिन्यांनी येणाऱ्या किरणोपचारतज्ज्ञासाठी निरोप ठेवून जातो, असे मी या क्लिपांकडे पाहते.

गाठ डाव्या बाजूची असल्यामुळे हृदयही जवळ असते. श्वास खोल घेऊन रोखला की फुप्फुस फुगते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते, म्हणून काही केंद्रांत श्वास रोखलेल्या क्षणीच किरण दिले जातात. हे टेक्नॉलॉजिस्ट आईकडून आधी सरावाने करून घेतात. आईला वीस सेकंद श्वास रोखणे जमते का, हे घरी पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

आता बोलणे होते का, याविषयी. ज्या रुग्णालयांत कर्करोगाचे काम गंभीरपणे चालते तेथे ठरावीक दिवशी ‘ट्यूमर बोर्ड’ बसते. सर्जन, केमोथेरपीचे डॉक्टर, किरणोपचारतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एका खोलीत बसतात, एकेका रुग्णाचे अहवाल पडद्यावर लावतात आणि क्रम ठरवतात. तेथे मतभेद होतात आणि व्हावेतच, फक्त ते रुग्णासमोर तुकड्यातुकड्यांनी येण्याऐवजी त्या खोलीत मिटलेले बरे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे, म्हणजे देशभरातील कर्करोग केंद्रांच्या जाळ्यामुळे, लहान केंद्रांनाही दूरदृश्य बैठकीतून असा सल्ला मागता येतो. ‘आईची केस बोर्डात मांडली का आणि काय ठरले ते लिहून मिळेल का’, एवढे एक वाक्य आपल्या डॉक्टरांना विचारा. ज्या घरांनी ते विचारले, त्यांची धावपळ बरीच कमी झालेली मी पाहिली आहे.

प्रश्न : मी एका रुग्णालयात रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून तीन वर्षे काम करते. मागच्या महिन्यात एका रुग्णाचा मुखवटा गालापाशी सैल वाटला, म्हणून मी उपचार थांबवून डॉक्टरांना बोलावले. यादी लांब होती, रुग्ण बाहेर खोळंबले होते. तपासणीत फरक मर्यादेत निघाला आणि वरिष्ठ सर्वांसमोर म्हणाले, ‘प्रत्येक वेळी असे थांबवत बसलात तर दिवस संपायचा नाही.’ तेव्हापासून काही वेगळे दिसले की बोलू की नको असे होते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : बोला. दर वेळी बोला. फरक मर्यादेत निघाला हे उपचारापूर्वी कळले, तुमच्यामुळे कळले, आणि तेवढ्यासाठीच ते थांबणे योग्य होते.

तुम्हाला माझ्याच आयुष्यातली गोष्ट सांगते. मी नवीन असताना, तेव्हाच्या रुग्णालयात, एका रुग्णाच्या सीटीच्या मागणीपत्रावर मी ‘उजवी बाजू’ असे लिहिले. दुपारची वेळ होती, मी एकामागून एक कागद भरत होते. रुग्ण टेबलावर झोपला, टेक्नॉलॉजिस्टने चादर सरकवली आणि ती तशीच थांबली. ती माझ्याकडे चालत आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, टाक्यांची खूण डावीकडे आहे.’ मी कागद पाहिला, मग रुग्णाकडे पाहिले. वयाने ती माझ्यापेक्षा लहान होती आणि नोकरीला लागून तिला सहा महिनेही झाले नव्हते. ती गप्प राहिली असती तर पुढच्या पायऱ्यांवर कोणीतरी पकडले असते, असे आजही मी स्वतःला सांगते, पण तशी खात्री मला देता येत नाही. त्या दिवसापासून बाजू लिहिताना मी रुग्णाला हात लावून दाखवायला सांगते.

आमच्या क्षेत्रातला एक मोठा अपघात पनामात २००० आणि २००१ या वर्षांत घडला. तेथे किरण अडवणाऱ्या ठोकळ्यांची माहिती प्लॅनिंगच्या संगणकात वेगळ्या पद्धतीने भरली जाऊ लागली, संगणकाने ती स्वीकारली आणि चुकीचा, जास्त वेळ काढून दिला. २८ रुग्णांना प्रमाणाबाहेर डोस गेला. रुग्णांचे जुलाब थांबत नाहीत हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते, परंतु संगणकाचा आकडा बरोबरच असणार असे धरून चालल्यामुळे मूळ शोधायला काही महिने गेले. कोणीतरी तो आकडा कागदावर हाताने पडताळला असता, तर चूक पहिल्या काही दिवसांतच हाती लागली असती. आज आपण दोन टेक्नॉलॉजिस्टनी मिळून नाव व बाजू मोठ्याने वाचणे, फिजिसिस्टने दर आठवड्याला प्रत्येक रुग्णाचा तक्ता तपासणे आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा रुग्णाला स्वतः पाहणे, हे जे करतो, ते अशा अपघातांतून शिकलेले आहे.

तुमच्या वरिष्ठांविषयी. त्यांच्यावर यादीचा ताण असतो, तो मी नाकारत नाही. पण सर्वांसमोर बोलणे चुकीचेच होते, कारण त्याचा परिणाम तुमच्यापुरता राहत नाही. शेजारी उभा असलेला शिकाऊ मुलगाही त्या दिवशी गप्प राहायला शिकतो. त्यांच्याशी एकांतात बोला आणि ‘मुखवट्यात किती मिलिमीटर जागा दिसली की थांबायचे, हे लिहून ठरवू या’ असे सुचवा. नियम कागदावर असला की थांबणे हे तुमचे व्यक्तिगत धाडस राहत नाही. फिजिसिस्टना यात बरोबर घ्या, ते बहुतेक तुमच्या बाजूने उभे राहतील. आणि त्या रुग्णाचे वजन किती उतरले आहे ते आहारतज्ज्ञांना कळवले का? मुखवटा सैल झाल्याची खूण पहिल्यांदा तुमच्याच हाताला लागली आहे.

प्रश्न : सासऱ्यांचे किरणोपचार चालू आहेत. मी पाच महिन्यांची गरोदर आहे. त्यांच्या अंगातून किरण बाहेर पडतात म्हणून मी वेगळ्या खोलीत राहावे, असे नातेवाईक सांगतात.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : बाहेरून यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या अंगात, कपड्यांत, ताटात काहीही उरत नाही. आपण त्यांच्या शेजारी निर्धास्त बसा. थायरॉइडच्या कर्करोगासाठी देतात ते किरणोत्सर्गी आयोडीन किंवा शरीरात कायमचे ठेवलेले किरणोत्सर्गी कण यांचे नियम वेगळे असतात. सासऱ्यांचा उपचार कोणत्या प्रकारचा आहे याची खात्री विभागातील किरणसुरक्षा अधिकाऱ्यांकडून करून घ्या. ते बहुधा तेथील फिजिसिस्टच असतात. उपचार चालू असताना यंत्राच्या खोलीत मात्र आपण जाऊ नये.

प्रश्न : आम्ही नाना पेठेत राहतो. सासूबाईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग असून रेडिएशनचे चौदा दिवस झाले आहेत, आठवड्यातून एकदा केमोही चालू आहे. पुढे आतून द्यायचे रेडिएशन आहे. गेली वीस वर्षे त्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालतात. यंदाही दोन दिवसांची सुट्टी द्यावी असा त्यांचा हट्ट आहे. शिवाय पालख्या मुक्कामाला असताना आमच्या भागातले रस्ते बंद असतात. दोन दिवसांनी खरेच काही बिघडेल का?
– एक वाचक, नाना पेठ

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि यंदा दिवेघाट चढू नका असेही सांगा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून आणि आतून (म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत काही वेळ गाठीपाशी ठेवून) मिळून सर्व किरणोपचार आठ आठवड्यांत पूर्ण व्हावेत असे पाहिले जाते. त्यापलीकडे उपचार लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते, कारण मधल्या सुट्टीत कर्करोगाच्या पेशी पुन्हा वेगाने वाढू लागतात. दोन दिवस थोडे वाटतात, पण पुढे यंत्र बिघडून एक दिवस जाईल, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून आणखी एक-दोन जातील, आणि आतून द्यायच्या उपचारांसाठी भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, फिजिसिस्ट आणि डॉक्टर या सर्वांची वेळ एकत्र जुळवावी लागते, तिथे एक तारीख हुकली की पुढची लगेच मिळेलच असे नाही. हाताशी असलेले दिवस त्यासाठी राखून ठेवायचे असतात. केमोथेरपी चालू असताना इतक्या गर्दीत, पावसात भिजत बारा-चौदा तास काढणे जंतुसंसर्गाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

रस्ते बंद असण्यावर मात्र उपाय आहे. पुण्यातल्या किरणोपचार विभागांना पालख्यांचा मुक्काम आणि अनंत चतुर्दशी हे दोन्ही नवे नाहीत. त्या दिवशी पेठांतल्या रुग्णांना पहाटेची पहिली वेळ देणे, एखादा दिवस गेलाच तर शनिवारी यंत्र चालू ठेवणे, किंवा डॉक्टर व फिजिसिस्टनी हिशोब करून एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा उपचार देणे, हे सारे शक्य असते. पण त्यासाठी टेक्नॉलॉजिस्टना पाळ्या बदलाव्या लागतात, म्हणून ते आदल्या दिवशी सांगून होत नाही. विभागाच्या स्वागतकक्षात आजच जाऊन दोन्ही दिवसांच्या वेळा बदलून घ्या. शक्य असल्यास ते दोन दिवस नदीपलीकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे त्यांची सोय करा.

दर्शनाचे म्हणाल, तर पालखी भवानी पेठेत, आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुक्कामाला असते. त्या आठवड्याचा रक्ताचा अहवाल आला की तो डॉक्टरांना दाखवून एवढेच विचारा, की रात्री उशिरा गर्दी ओसरल्यावर, तोंडाला मास्क लावून, दहा मिनिटांसाठी त्यांना नेले तर चालेल का. पेशींचा आकडा चांगला असेल तर माझ्या रुग्णांना मी हो म्हणते.